एका शब्दामागे लागलेले सर

सरांना मी पहिल्या दिवशी दुकानातून हाकलूनच लावणार होते. लग्नसराईचे दिवस होते. जळगावात स्टँडजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, आणि त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. जामनेरचे एक गृहस्थ मुलाच्या पत्रिकेचं प्रूफ वाचत बसले होते. तेवढ्यात खांद्याला जाडजूड कापडी पिशवी लावलेला, सत्तरी ओलांडलेला एक उंच माणूस आत आला, त्या गृहस्थांच्या खांद्यावरून वाकून पत्रिका वाचू लागला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, इथे तुम्ही 'पवित्र बंधन' लिहिलंय. पवित्र म्हणजे तुमच्या मते काय हो?"

गृहस्थ गोंधळले. म्हणाले, "लिहितात तसं. सगळेच लिहितात."

"ते खरं. पण तुम्ही लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?"

"काही नाही आलं. मंगल कार्यालय आलं."

सरांनी खिशातून एस.टी.चं जुनं तिकीट काढलं, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि "आभारी आहे" म्हणून स्टुलावर बसले. गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी विचारलं, "आजोबा, काम आहे की चौकशी आहे?" तर त्यांनी पिशवी काउंटरवर रिकामी केली. आतून सात बायबलं निघाली. दोन मराठी, एक हिंदी, एक गुजराती, दोन इंग्रजी आणि एक उर्दू. त्यांखाली हातानं लिहिलेल्या वह्यांचा गठ्ठा. म्हणाले, "काम आहे. मोठं आहे. तुम्हाला कंटाळा येईल."

कंटाळा आला. राग तर रोज आला. पण त्या माणसासोबत चार वर्षं काढली, आणि गेल्या साली ते गेले तेव्हा मी दुकान तीन दिवस बंद ठेवलं. माझ्या सख्ख्या काकांसाठी मी एकच दिवस ठेवलं होतं.

सर धुळ्याचे. म्हणजे राहायला धुळ्याला, नोकरी सगळी साक्रीकडच्या खेड्यांत, शाळामास्तर म्हणून. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात किंवा गुडघ्यांची चिंता करतात. ह्यांनी बायबल अहिराणीत आणायचं काम अंगावर घेतलं. एक समिती होती, तिच्याकडून कच्चा मजकूर यायचा, सर तो पुन्हा पुन्हा घासायचे आणि दर मंगळवारी धुळ्याहून एस.टी.नं जळगावला येऊन माझ्याकडून टाइप करून घ्यायचे. धुळ्यात काय डीटीपीवाले नव्हते? होते. तिथल्या तिघांनी हात जोडले होते, हे मला फार उशिरा कळलं.

मी बौद्ध. देवाधर्माच्या मजकुराशी माझं नातं टाइपापुरतं. आरत्याही मीच टाइप करते, उरुसाची पत्रकंही मीच. सरांना ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "उत्तम. तुम्हाला आधीपासून काही माहीत नाही, म्हणजे तुम्ही मला फसवणार नाही." असली वाक्यं ते सरळ चेहऱ्यानं बोलायचे, त्यामुळे कौतुक झालं की अपमान, ते घरी गेल्यावर समजायचं.

बाकीचं काम बरं चालायचं. माणसं, डोंगर, मेंढरं, भांडणं, सगळं अहिराणीत झकास उतरायचं. गाडी अडायची ती एकाच जागी. देव पवित्र आहे, हे कसं म्हणायचं? त्यातही एक ठिकाण असं, की एका माणसाला मंदिरात देवाचं दर्शन होतं आणि देवाभोवतीचे दूत तोच एक शब्द लागोपाठ तीनदा म्हणतात. त्या तीन शब्दांवर सरांचं एक वर्ष गेलं. समितीनं कच्च्या मजकुरात सरळ 'पवित्र' ठेवला होता. सर म्हणायचे, "ठेवला आहे. बसलेला नाही."

ते सातही बायबलं माझ्या काउंटरवर त्याच पानावर उघडी मांडायचे. गिऱ्हाइकांनी वाकून पलीकडे पैसे द्यायचे, कारण बायबलं हलवायची नाहीत. मग एकेकाकडे बोट दाखवून मला सांगायचे. हे जुनं मराठी, ह्यात पवित्र. ह्या दुसऱ्यात परमपवित्र, कारण त्यांना वाटलं नुसत्या पवित्रनं उंची येत नाही. उर्दूत वेगळाच शब्द, तो समोरच्या टेलरचाचांना विचारला तर त्यांनी आधी हातातली कात्री खाली ठेवली आणि मग उत्तर दिलं. सरांना उत्तरापेक्षा ती कात्री खाली ठेवणं जास्त आवडलं. नव्या सोप्या इंग्रजीत कुणीतरी लिहिलेलं, देव पूर्णपणे चांगला आहे. त्यावर सर नाक मुरडायचे. "चांगला तर आमचा तलाठीही होता." आणि मुळातला जो शब्द, त्याच्या तळाशी म्हणे 'वेगळा काढलेला' असा भाव आहे. "पेरणीसाठी ज्वारी वेगळी काढतो ना आपण, तिला भाकरीसाठी हात लावत नाही, तसं," सर म्हणायचे. "पण मी 'देव वेगळा शे' लिहिलं, तर साक्रीच्या बाजारात एकजण मला म्हणाला, वेगळा म्हणजे भावकीत भांडण झालं का?"

मग विचारत सुटायचे. कंडक्टरला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं. भुसावळच्या एका रिटायर गार्डना विचारलं, तर ते म्हणाले, "सिग्नलची केबिन. तिथे कामाशिवाय कुणी जात नाही." माझ्या शेजारी मारवाडी जैन कुटुंबाचं कपड्याचं दुकान आहे. तिथल्या भाऊंना विचारलं. त्यांनी फार विचार केला, हातातलं कापड घडी घालून ठेवलं आणि म्हणाले, "सर, उकळून गार केलेलं पाणी." सरांनी तेही लिहून घेतलं. मी हसले तर मला म्हणाले, "हसू नका. ते रोज तसंच पाणी पितात. तुमच्या माझ्यासारखं नुसतं बोलत नाहीत."

माझ्या आईलाही त्यांनी सोडलं नाही. आई दुपारी डबा घेऊन आली होती. सरांनी विचारलं, "आई, पवित्र म्हणजे काय?" आई डब्याचं झाकण लावत म्हणाली, "लांबून नमस्कार." सर इतके खूश झाले की उठून उभे राहिले. "वा. भय आलं, आदर आला, अंतर आलं. तीन शब्दांचं काम दोन शब्दांत." आई डबा ठेवून निघाली. त्या दिवशी आईच्या चेहऱ्याकडे मी नीट बघायला हवं होतं.

सरांची तपासायची पद्धत मात्र मानायला हवी. मजकूर तयार झाला की ते तो खेड्यात घेऊन जायचे. विद्वानांकडे नाही. ओट्यावर बसलेल्या कुठल्याही माणसाला एकदा वाचून दाखवायचे, वही मिटायचे आणि म्हणायचे, "आते तू सांग, काय समजनं?" तो जे सांगेल ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं. मध्ये सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही. आपल्या हातवाऱ्यांतून उत्तर फुटू नये म्हणून सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. पंच्याहत्तरीचा माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा हातांवर बसलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. पण समोरच्यानं काहीच्या बाही सांगितलं तरी ते कधी त्याला चूक म्हणायचे नाहीत. परत येताना मला म्हणायचे, "ऐकणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. मी लिहिलं तसंच त्यानं ऐकलं."

अशाच एका फेरीला मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासोबत गेले. जळगावहून धुळं, धुळ्याहून साक्री, तिथून पुढे काळीपिवळी जीप. सरांनी जिथे अकरा वर्षं नोकरी केली, आणि बदलीनंतरही जिथे ते प्रवचनाला जात राहिले, ते खेडं. ख्रिस्ती घरं पंधरा-वीस, आणि पत्र्याचं एक प्रार्थनाघर. जीपमध्ये सर भलतेच खुशीत होते. "आज तुम्हाला एक बाई दाखवतो. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. सगळ्या गावाची सुईण. पवित्र म्हणजे काय, हे माझ्या सातही बायबलांपेक्षा तिला जास्त कळतं."

"कसं काय?"

"महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकरीचं ताट फिरतं. जो तो आपला तुकडा घेतो आणि शेजाऱ्यापुढे ताट धरतो. अक्का कधी घेत नाही. ताट आलं की हात जोडते, डोळे मिटते. शेजारची बाई तिच्या पुढून हात लांब करून ताट पलीकडे देते. वीस-बावीस वर्षं झाली. इतका आदर. मी किती वेळा प्रवचनात तिचं उदाहरण दिलंय. म्हटलं, आपण खातो चण्याफुटाण्यासारखं, आणि तिच्याकडे बघा."

अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक अंगाची बाई, हात मात्र मोठे, लांब बोटांचे. सरांनी खुशाली विचारली, मग ती मंदिरातल्या दर्शनाची ओळ वाचली, वही मिटली आणि हातांवर बसले. "आते तू सांग अक्का, काय समजनं?"

"देव पवित्र शे," अक्का म्हणाल्या.

"म्हंजे काय?"

अक्कांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. एवढ्या मोठ्या मास्तरला हे माहीत नाही? त्या शांतपणे सांगू लागल्या, आणि मी टाइप करू लागले. "म्हंजे त्याले विटाय चालत नही. तो तठे वर, आपण आठे दूर. मी सुईण शे, मास्तर. मन्हा हात रगतमा जातस. त्या भाकरले मी हात कसा लावसू? देवले चालाव नही. म्हनीसन मी हात जोडस."

विटाय म्हणजे विटाळ, हे कळलं तशी माझी बोटं थांबली. सर हातांवरच बसलेले होते. त्यांच्या तोंडावरचा आनंद ओसरत गेला, पण त्यांनी मान हलवली नाही, मध्ये बोलले नाहीत. स्वतःचा नियम पाळला. मग अगदी हळू विचारलं, "तुले हाई कोनी सांगं?"

"तुम्हीच तं सांगं," अक्का म्हणाल्या. "दर खेपे. अक्काकडे देखा म्हने."

परतीच्या जीपमध्ये सर पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. मला मात्र राहवेना. माझ्या डोळ्यांपुढे आई आली, डब्याचं झाकण लावणारी. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर कधी चढू दिलं नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी 'लांबून नमस्कार' मी काही न समजता ऐकून सोडून दिलं होतं. मी सरांवर तडकले. म्हटलं, "माझ्या आईनं तुम्हाला हेच सांगितलं होतं. तिला आदर नव्हता सांगायचा, सर. तिला लांब ठेवलं होतं, ते सांगायचं होतं. तुम्ही वा म्हणालात आणि तिकिटावर लिहून घेतलंत. बावीस वर्षं ती बाई उपाशी उठली ताटावरून, आणि तुम्ही तिचं प्रवचन केलंत."

जीपमधली माणसं बघत होती. सर म्हणाले, "बोला. अजून बोला." मग साक्री आलं, आम्ही उतरलो, आणि स्टँडच्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "माझ्या दोन्ही मुली अक्काच्या हातावर झाल्या. ती आली की आमच्या घरात तिला चहा वेगळ्या कपात मिळायचा. कोनाड्यात ठेवलेला असायचा, कानतुटका. ती गेली की बायको अंघोळ करायची, मलाही करायला लावायची. आम्ही ख्रिस्ती. रविवारी पवित्र, पवित्र गायचो आणि घरी येऊन तो कप कोनाड्यात ठेवायचो. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ तो कप होता. मी सात बायबलांत शोधत फिरलो."

एवढं बोलून ते बाकावर बसून रडले. बाजारचा दिवस होता, भोवती टोपल्या, कोंबड्या, माणसं. मी त्यांना पाणी आणून दिलं. एवढं ऐकवल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांनाही तसं नको होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी छपाई थांबवली. धुळ्यात प्रकाशनासाठी सभागृह ठरलं होतं, पाहुणे ठरले होते. समितीचे चिटणीस दुकानात फोनवर फोन करायचे, कारण सर स्वतःचा फोन घरी विसरायचे, म्हणजे ठरवून विसरायचे. "एका म्हातारीसाठी अख्खं पुस्तक अडवणार का तुम्ही?" चिटणीस विचारायचे. सर फोन कानापासून लांब धरून शांतपणे सांगायचे, "हो. तिला कळत नाही तोवर ते पुस्तक कुणालाच कळलेलं नाही. बाकीचे कळल्यासारखं करतात." चिटणीस मला म्हणायचे, तुम्ही तरी समजवा. मी म्हणायचे, मी टायपिस्ट आहे हो, मला काय कळतं.

मग सुरू झाल्या त्या अक्कांकडच्या फेऱ्या. सर नवा शब्द घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे. निर्मळ नेला. अक्का म्हणाल्या, निर्मळ असलं तर ते मळलं नाही पाहिजे, मग मी लांबच बरी. मोठा नेला. मोठा तर पाटील बी शे, म्हणाल्या. उजेडाचा नेला, तर त्यांनी डोळ्यांवर हात धरून दाखवला. कुठलाही शब्द घातला तरी अक्का अंगणाच्या त्याच टोकाला बसलेल्या, आणि देव तिकडे वर. सर खंगत चालले. एस.टी.त पिशवी उचलवेना, तर मी म्हटलं चार बायबलं घरी ठेवा. म्हणाले, "साक्षीदार कमी करून खटला जिंकता येत नाही, बाई."

त्या उन्हाळ्यातली सहावी की सातवी फेरी असेल. मी सोबत होते. सरांनी पुन्हा तीच ओळ वाचली, वही मिटली, हातांवर बसले. या वेळी अक्कांनीच उलट विचारलं, "मास्तर, दर खेपे तुम्ही तठेच थांबतस. त्या माणूसनं पुढं काय व्हयनं?"

"कोणता माणूस?"

"ज्याले देव दिसना तो. तो तं घाबरना व्हई."

सरांनी वही उघडली. पुढच्या ओळी त्यांनी कधीच तपासायला आणल्या नव्हत्या. शब्द सोपे होते, समितीची शंका नव्हती, म्हणून वर्षभर त्या तशाच पुढे ढकललेल्या. सर वाचू लागले. तो माणूस म्हणतो, मी मेलो, माझं तोंड अशुद्ध आहे आणि मी देवाला पाहिलं. तेव्हा एक दूत देवाच्या वेदीवरचा निखारा चिमट्यानं उचलतो, उडत त्याच्याकडे येतो आणि तो निखारा त्याच्या तोंडाला लावतो.

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "देवनी वेदीवरला निखारा? त्याना तोंडले लावा?"

"हां."

"मंग तो निखारा बाटना व्हई. टाकी दिन्हा व्हई."

ही शंका अक्कांनाच येऊ शकत होती. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ती आली नसती. त्यांनी हात लावलेलं फडकं, सुपली, कप, सगळं आयुष्यभर बाजूला टाकलेलं त्यांनी बघितलं होतं. सरांनी वहीत पाहिलं. मग पिशवी ओढली, सातही बायबलं काढून अंगणात मांडली आणि एकेक पान बोटानं वाचत गेले. जुनं, नवं, हिंदी, गुजराती, इंग्रजी, सगळी. वर पाहून ते म्हणाले, "नही अक्का. टाकी दिन्हा आसं सातीमा कोठेच लिखेल नही."

"बाटना नही?"

"निखारा बाटना नही. तोंड चोखं व्हयनं."

अक्का किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसल्या. मग जरा रागानंच म्हणाल्या, "म्हंजे आतेपावत तुम्ही उलटंच सांगं, मास्तर."

"हां अक्का. उलटंच सांगं. चुकनू मी."

"मंग आसं लिखा ना. देवले विटाय लागत नही. तो हात लावस तं आपणच चोखा व्हतस." आणि शेंगा फोडायला लागल्या.

मी टाइप केलं. सरांनी हात मांड्यांखालून काढले आणि अक्कांना जोडले. पाया पडायला वाकणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कंबर मोडी. बठा."

समितीनं ते वाक्य मजकुरात घ्यायला नकार दिला. 'विटाळ' असला शब्द देवाच्या ओळीत शोभत नाही, म्हणाले. आणि त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं, कारण मुळात शब्द एकच आहे, हे वाक्य नाही. मला वाटलं सर आता आकाशपाताळ एक करतील. ते म्हणाले, "शब्द तुमचा राहू द्या. खाली टीप माझी. आणि ह्यापुढे कुणीही ती ओळ वाचताना निखाऱ्यापर्यंत पोचण्याआधी थांबायचं नाही, एवढं छापा." टीप छापली गेली, बारीक अक्षरांत, अक्कांच्याच बोलीत. पानं मी लावली होती. त्या टिपेचा टाइप मी एका पॉइंटनं वाढवला, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

पुस्तक निघायच्या आधीच्या महिन्यातला प्रभुभोजनाचा रविवार. सर म्हणाले, चला. मी म्हटलं, मी ख्रिस्ती नाही, मी काय करू तिथे? म्हणाले, "बसा. मला एकट्याला बघवणार नाही." त्या दिवशी त्यांनी प्रवचन मागून घेतलं होतं. पण प्रवचन असं केलंच नाही. उभे राहून आधी अख्खी गोष्ट वाचली, निखाऱ्यासकट. मग अक्कांचं नाव न घेता, त्यांच्याकडे न बघता, आपल्या घरातल्या कोनाड्यातल्या कपाबद्दल सांगितलं. एवढंच म्हणाले, "मी देवाच्या नावावर माझा विटाळ खपवला. बावीस वर्षं. मला क्षमा करा." आणि पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर जाऊन बसले. त्या प्रार्थनाघरात असा कप नसलेली घरं फार नव्हती.

पाळकांनी भाकर मोडली आणि ताट फिरू लागलं. पुरुषांकडून बायकांकडे आलं. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. अक्का शेवटून दुसऱ्या ओळीत, नेहमीच्या जागी. त्यांच्या एका बाजूला एक म्हाताऱ्या बाई, दुसऱ्या बाजूला गावातल्या बऱ्या घरची एक सून, मांडीवर पोर घेतलेली. ताट म्हाताऱ्या बाईंकडे आलं. त्यांनी आपला तुकडा घेतला आणि सवयीनं अक्कांच्या पुढून हात लांब करून ताट त्या सुनेकडे द्यायला लागल्या.

अक्कांनी मधेच ताट धरलं.

सगळं प्रार्थनाघर बघत होतं, आणि कुणी बघत नसल्यासारखंही करत होतं. अक्कांनी पदराला हात पुसला. एकदा, दोनदा. मग तुकडा उचलला आणि तोंडात घातला, आणि लहान मुलासारख्या तो चघळत राहिल्या. पुरुषांच्या बाजूला सर मान खाली घालून हुंदके देत होते. मला तो देव ठाऊक नाही, मी त्याला मानतही नाही, पण त्या वेळी मीही रडत होते.

पण ताट अजून अक्कांच्या हातातच होतं. ते शेजारणीपुढे धरायचं असतं. त्यांनी ते उचललं खरं, पण अर्ध्यावर हात थांबला. त्या सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. ताट तसंच हवेत. ती सून त्या ताटाकडे बघत होती, ताटाच्या कडेला धरलेल्या त्या लांब बोटांकडे बघत होती. पाळकही थांबले होते.

मग तिनं मांडीवरचं पोर एका हाताला घेतलं आणि पुढे सरकली.

"मन्हा दोन्ही पोरे ह्याच हातवर जलमनात, अक्का," ती म्हणाली. "आन ना ताट."